स्टुडिओ लाइट मध्येच मारत नाही? बोटापासून ट्यूबपर्यंत दोष शोधायची पद्धत

आर्णी तालुक्यातल्या एका गावात गोरज मुहूर्ताचं लग्न होतं. स्टेजच्या दोन्ही बाजूंना छत्र्या लावून दोन लाइट उभे केले होते. मंगलाष्टकं संपली, अक्षता पडल्या, नवरीने हार पुढे केला आणि माझ्या अकरा फ्रेमपैकी चार काळ्या आल्या. हार पुन्हा घालायला सांगता येतं, काही जण सांगतातही. पण नवरीच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा जे उमटलेलं असतं, ते दुसऱ्यांदा येत नाही.

त्या रात्री मी सगळा दोष ट्रिगरवर, म्हणजे कॅमेऱ्यावर बसून रेडिओ सिग्नलने लाइट मारायला लावणाऱ्या डबीवर टाकला आणि आठवडाभरात नागपूरहून नवा आणला. पुढच्या लग्नात पुन्हा तोच प्रकार. शेवटी कॅमेरा उन्हात तिरका धरून पाहिला, तेव्हा हॉट शूच्या, म्हणजे कॅमेऱ्याच्या डोक्यावर ट्रिगर बसतो त्या खाचेच्या पट्ट्यांवर पिवळसर तेलकट थर दिसला. आदल्या दिवशीच्या हळदीत बोटांना लागलेलं तेल-हळद तिथे जाऊन बसलं होतं. चिंधीने पुसलं, आणि जुना ट्रिगरही सुरळीत चालला.

तेव्हापासून एक गोष्ट मी सोबतच्या प्रत्येक पोराला सांगतो. लाइट लहरीपणे वागतोय असं वाटलं, तरी बिघाड एका ठरावीक जागी बसलेला असतो. शटरचं बटण, शटर, हॉट शू, ट्रिगर, हवेतला सिग्नल, तो घेणारा लाइटकडचा रिसीव्हर, कॉर्ड, लाइट आणि लाइटला येणारी विजेची लाइन, अशा नऊ कड्या आहेत. कोणती कडी सुटली हे कळेपर्यंत काहीही विकत घ्यायचं नाही.

आधी मोजा

लग्नात ही शोधाशोध होत नाही. दुकानात किंवा घरच्या खोलीत, लग्न नसलेल्या दिवशी बसा. पडदे ओढा आणि भिंतीवर पांढरी चादर लावा. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा: आयएसओ १००, अ‍ॅपर्चर एफ/८, शटर १/१००. फ्लॅशशिवाय एक फ्रेम घ्या, ती पूर्ण काळी यायला हवी. मग लाइटची पॉवर अशी ठेवा की चादर नीट उजळ दिसेल. आता पाच-पाच सेकंदांनी ३० फ्रेम घ्या.

तीसच का, हे समजून घेण्यासारखं आहे. दहात एकदा चुकणारा ट्रिगर लागोपाठ पाच वेळा बरोबर चालण्याची शक्यता निम्म्याहून जास्त, शंभरात साधारण ५९ असते. म्हणून चार-पाच वेळा दाबून “झालं ठीक” म्हणणारा माणूस फसतो. तीस वेळा न चुकता चालण्याची शक्यता मात्र शंभरात चारच उरते. पुढे प्रत्येक बदलानंतर पुन्हा तीस फ्रेम घ्यायच्या, आणि एका वेळी एकच गोष्ट बदलायची. सेल, चॅनल आणि कॉर्ड एकदम बदलले तर चालू झालं तरी कशामुळे झालं ते कळत नाही, आणि पुढच्या लग्नात तोच दोष परत समोर येतो.

फ्रेम मोजायला कॅमेऱ्याच्या स्क्रीनवर छोट्या फोटोंचा पट उघडा. काळे चौकोन एका नजरेत दिसतात. कितवे चौकोन काळे आहेत ते वहीत लिहा, कारण त्या क्रमातच बरंच उत्तर असतं. एक उजळ, एक काळी, एक उजळ असं येत असेल तर लाइट चार्ज व्हायच्या आत तुम्ही दाबताय. काळ्या फ्रेम कुठेही, काही ताळमेळ नसताना येत असतील तर कॉन्टॅक्ट, सेल किंवा रेडिओ सिग्नलचा संशय घ्या. सगळ्याच काळ्या असतील तर बहुधा एखादी सेटिंग चुकलेली असते. फ्रेमच्या एका कडेला काळी पट्टी येत असेल तर लाइट मारतोय, चूक शटरच्या वेळेची आहे. सगळी फ्रेम निम्मीच उजळ असेल तर लाइट अर्धाच चार्ज झालाय किंवा दोनपैकी एकच मारलाय. दोन लाइट असतील तर एकेक स्वतंत्र तपासा.

मग साखळी मधून तोडा

लाइटच्या मागचं टेस्ट बटण दाबा, प्रत्येक वेळी रेडी लाइट लागल्यावर. इथेच लाइट चुकत असेल तर ट्रिगर, कॅमेरा, चॅनल सगळं बाजूला ठेवा. दोष लाइटमध्ये किंवा त्याला मिळणाऱ्या विजेत आहे.

तो तीसही वेळा मारला तर ट्रिगर कॅमेऱ्यावरून काढून हातात घ्या आणि त्याचं टेस्ट बटण दाबा. त्यानंतर ट्रिगर कॅमेऱ्यावर चढवून शटर दाबा.

माझ्यासोबत काम शिकणाऱ्या पोराने एकदा विचारलं, “भाऊ, टेस्टवर तं मारते, मंग कॅमेऱ्यावर काऊन नाई मारत?” त्याच्या प्रश्नातच उत्तर होतं. टेस्टवर मारतो म्हणजे ट्रिगरचा सेल, सिग्नल, रिसीव्हर, कॉर्ड आणि लाइट हे सगळं ठीक आहे. उरला फक्त कॅमेरा आणि त्याचा शू. दोन मिनिटांत शोधायची जागा नखाएवढी झाली.

कॅमेरा आणि शू

कॅमेरा बंद करा, बॅटरी काढा. शूच्या मध्ये एक गोल कॉन्टॅक्ट असतो, तो सगळे पुसतात. पण सर्किट पूर्ण होतं ते बाजूच्या धातूच्या पट्ट्यांवरून, आणि ट्रिगरचा पाय ज्या खाचेत सरकतो त्या पट्ट्या कोणी पुसत नाही. कोरड्या सुती कापडाने, मग कान कोरायच्या काडीवर आयसोप्रोपाइल अल्कोहोलचा थेंब घेऊन पट्ट्यांच्या आतली बाजू, मधला कॉन्टॅक्ट आणि ट्रिगरच्या पायाची खालची बाजू पुसा. काळपट डाग राहिला तर साध्या खोडरबराने हलक्या हाताने घासा आणि रबराचा भुगा झटकून टाका. पॉलिश पेपर लावू नका, त्याने मुलामा निघतो आणि तिथे पुढे लवकर गंज चढतो.

पुसल्यावर ट्रिगर पूर्ण आत सरकवून रिंग किंवा खटका घट्ट करा. शूटिंग चालू असताना ट्रिगर बोटाने हलकेच पुढेमागे करून पाहा. हलवल्यावर चुकत असेल तर शूच्या स्प्रिंगची पट्टी सैल झालीय, आणि ते मेकॅनिकचं काम आहे. हळदीच्या दिवशी मी आता खिशात वेगळा रुमाल ठेवतो आणि हात पुसल्याशिवाय ट्रिगर काढत-घालत नाही.

कॅमेऱ्यातल्या तीन गोष्टी मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. मिररलेस कॅमेऱ्यात सायलेंट किंवा इलेक्ट्रॉनिक शटर चालू असेल तर बहुतेक बॉडींवर फ्लॅश मारत नाही. मंगलाष्टकांच्या वेळी आवाज नको म्हणून कोणी सायलेंट लावतं आणि नंतर काढायचं राहून जातं. कॅननच्या डीएसएलआरवर लाइव्ह व्ह्यूमध्ये सायलेंट शूटिंग चालू असेल तर कॅननचा नसलेला फ्लॅश मारत नाही, म्हणून ते बंद ठेवा.

दुसरी गोष्ट नवीन पोरांना फार त्रास देते. कॅननच्या २००डी मार्क टू या बॉडीच्या शूवर मधला गोल कॉन्टॅक्टच नाही, आणि १५००डी, ३०००डी या स्वस्त बॉडींवरही असा शू आढळतो. फक्त मधल्या टिपक्यावर चालणारा साधा ट्रिगर तिथे कधीच चालणार नाही, कितीही पुसा. तिथे कॅननच्या बाकीच्या पिनांवरून संदेश घेणारा, त्या बॉडीला चालतो असं कंपनीने लिहिलेला ट्रिगर लागतो. विकत घेताना आपली बॉडी सोबत न्या आणि दुकानातच मारून पाहा.

तिसरी गोष्ट शटरची. ज्या वेगापर्यंत फ्लॅशचा उजेड पूर्ण फ्रेमवर पडतो, ती सिंक मर्यादा. कॅननच्या बऱ्याच बॉडींची ती १/२०० आहे, ६डीची १/१८०. निकॉनच्या डी७५० ची १/२००, डी७२०० आणि डी८५० ची १/२५०. स्वस्त ट्रिगर सिग्नल पोहोचवायला थोडा उशीर करतो, त्यामुळे मर्यादेच्या टोकावर गेलात की आडव्या फ्रेमच्या खालच्या कडेला काळी पट्टी येते. कॅमेरा उभा धरला की तीच पट्टी बाजूला दिसते आणि माणूस गोंधळतो. मंडपात मी १/१२५ च्या वर जात नाही. आपल्या जोडीची खरी मर्यादा शोधायची असेल तर १/१०० पासून एकेक पायरी वर जात चादरीचे फोटो घ्या. पट्टी दिसली की त्याच्या दोन पायऱ्या खाली थांबा.

सेल

भिंतीवरच्या घड्याळात चालणारे स्वस्त पेन्सिल सेल ट्रिगरमध्ये घालू नका. दिवा लागतो, टेस्टही मारतं, पण लागोपाठ फोटो काढले की त्यांचं व्होल्टेज पडतं. अल्कलाइन किंवा चांगले रिचार्जेबल सेल घ्या. रिचार्जेबलचा आकडा मुळातच १.२ व्होल्टचा असतो, तेव्हा मल्टिमीटरवर १.२ दिसला म्हणून तो संपला समजू नका. अल्कलाइन मात्र १.३ च्या खाली गेला की मी तो घड्याळाला देतो. जुना आणि नवा सेल एकत्र घालायचा नाही. जुन्या ४३३ मेगाहर्ट्झच्या ट्रिगरमध्ये १२ व्होल्टचा छोटा २३ए सेल असतो. तो दुकानात पडून पडूनही उतरतो, म्हणून नवा आणला तरी मीटर लावूनच घाला.

सेलच्या कप्प्यातली स्प्रिंगही पाहा. हिरवट-पांढरा गंजासारखा थर दिसला तर अल्कोहोलने पुसा.

हवेतला सिग्नल

लाइट दुकानात तीसही वेळा मारतो आणि मंडपात चुकतो, तेव्हा बहुधा दोनपैकी एक कारण असतं: सिग्नल किंवा लाइन.

सध्याचे बहुतेक ट्रिगर २.४ गिगाहर्ट्झवर चालतात. वायफाय, ब्लूटूथ आणि व्हिडिओवाल्यांचे बरेचसे वायरलेस माइकही त्याच पट्ट्यात असतात. माणसाच्या अंगात पाणी असतं आणि पाणी हा सिग्नल शोषतं. चारशे माणसं स्टेजसमोर उभी असतील आणि रिसीव्हर कमरेएवढ्या उंचीवर टांगला असेल तर सिग्नल माणसांमध्येच अडतो. रिसीव्हर डोक्याच्या वर न्या. लोखंडी स्टँडला चिकटवून बांधू नका, कॉर्डवर थोडा लांब लोंबकळू द्या. पत्र्याच्या शेडमध्ये, सॉफ्टबॉक्सच्या चंदेरी अस्तरामागे, एलईडी वॉलच्या पाठीमागे रिसीव्हर ठेवला तरी तोच त्रास होतो. कधी लाइट दोन फूट सरकवल्यानेच काम होतं.

लांबून मारतो पण जवळून चुकतो, असंही घडतं. घराच्या छोट्या खोलीत नवरीचे एकटीचे फोटो काढताना हे मी पाहिलं आहे. फार जवळून आलेला जोरदार सिग्नल रिसीव्हरला झेपत नाही. गोडॉक्सच्या एक्सप्रो ट्रिगरमध्ये यासाठी अंतराची सेटिंग आहे, ०-३० मीटर आणि १-१०० मीटर अशी. खोलीत ०-३० ठेवा. मोकळ्या मैदानात परत बदलायला विसरू नका.

चॅनलचा गोंधळ आपल्याकडे खास आहे, कारण लग्नात मुलाकडचा एक आणि मुलीकडचा एक असे दोन फोटोग्राफर असतात. दोघांकडे एकाच कंपनीचे लाइट आणि दोघेही चॅनल एकवर! त्यांनी दाबलं की माझा लाइट मारतो, आणि मी दाबतो तेव्हा तो चार्जच झालेला नसतो. वहीत ते ‘ताळमेळ नसलेली काळी फ्रेम’ म्हणून दिसतं आणि माणूस ट्रिगर बदलायला निघतो. मंडपात पोहोचलो की माझं पहिलं काम म्हणजे समोरच्याला विचारणं, “भाऊ, तुमचं चॅनल कोणतं?” मी त्यापासून निदान पाच घरं दूर जातो. ट्रिगरमध्ये आयडीची सेटिंग असेल तर ट्रिगर आणि लाइट दोन्हीकडे एकच आकडा टाका.

लाइटच्या मागे स्लेव्ह म्हणजे ऑप्टिकल सेलचं बटण असतं, ते लग्नात बंद ठेवा. ते चालू असेल तर कोणाचाही कॅमेऱ्यावरचा फ्लॅश तुमचा लाइट मारून मोकळा होतो. तो फ्लॅश ऑटोवर असेल तर मुख्य फ्लॅशआधी एक छोटा फ्लॅश टाकतो. तुमचा लाइट त्यावरच मारतो आणि खऱ्या फोटोच्या वेळी रिकामा असतो.

कॉर्ड

रिसीव्हर आणि लाइटमधली कॉर्ड हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात जास्त फसवणारा भाग. जॅक आत घालताना ‘कट’ असा आवाज यायला हवा. फोटो घेत असताना कॉर्ड दोन्ही टोकांना हलकी वाकवून पाहा. वाकवल्यावर लाइट आपोआप मारला किंवा चुकला तर कॉर्ड फेका, टेप गुंडाळून वापरू नका. लाइटच्या खाचेत ६.३५ मिलिमीटरचा जॅक लागतो की ३.५ चा, हे पाहून घ्या. कन्व्हर्टर लावला की आणखी एक सैल सांधा वाढतो.

रेडिओ वगळून कॉर्ड थेट कॅमेऱ्याला लावून तपासणी करता येते, पण जुन्या लाइटला ती आधी करू नका. जुन्या लाइटच्या सिंक खाचेवर २०० व्होल्टच्या वरही दाब असू शकतो, आणि कॅमेऱ्याचं सर्किट त्याने जळू शकतं. मीटरने मोजल्याशिवाय आणि कॅमेऱ्याच्या पुस्तकातली मर्यादा पाहिल्याशिवाय थेट कॉर्ड नको.

लाइन

विदर्भातल्या खेड्यात ‘ट्रिगर खराब’ म्हणून दुरुस्तीला आणलेल्या लाइटचा खरा आजार बहुतेक वेळा इथेच असतो, असं माझं मत बनलं आहे.

स्टुडिओ लाइट वीज साठवून ठेवतो आणि एकदम सोडतो. प्रत्येक फ्लॅशनंतर ती साठवणारा कपॅसिटर पुन्हा भरावा लागतो. कागदावर लाइन २३० व्होल्टची. पण संध्याकाळी शेतीपंप चालू असताना गावाच्या टोकावरच्या घरात मला मीटरवर १८० च्या आसपास आकडा दिसलेला आहे. त्यात घरापासून मंडपापर्यंत ३० मीटर पातळ वायर, त्याच बोर्डावर हॅलोजन, दोन जंबो कूलर आणि डीजे. अशा वेळी दुकानात दोन सेकंदांत भरणारा लाइट पाच सेकंद घेतो, आणि आपला हात दोन सेकंदांच्या सवयीने दाबत राहतो.

म्हणून दुकानात स्थिर लाइनवर फुल, निम्मी आणि पाव पॉवरवर फ्लॅशपासून रेडीच्या बीपपर्यंत किती सेकंद लागतात ते मोबाइलच्या स्टॉपवॉचने मोजून लाइटवर चिकटवा. मंडपात पोहोचल्यावर पुन्हा मोजा. वेळ दीडपटीपेक्षा वाढली असेल तर मंडपवाल्याकडून वेगळ्या लाइनचा बोर्ड मागा. तो मिळत नसेल तर मॉडेलिंग लॅम्प, म्हणजे लाइटमध्ये सतत जळणारा बल्ब बंद करा. दोन लाइटमध्ये १५०-१५० वॅटचे लॅम्प असतील तर तेवढ्यानेच ३०० वॅटचा भार उतरतो. मग पॉवर निम्मी करा आणि आयएसओ १०० वरून २०० वर न्या. फोटो तेवढाच उजळ येतो आणि लाइट लवकर भरतो. हार घालण्याच्या क्षणाला फुल पॉवर कधीच नको.

लाइन गेल्यावर जनरेटर चालू होतो, तेव्हा पहिली दोन मिनिटं लाइट बंद ठेवा आणि आकडा स्थिर झाल्यावर लावा. घरातल्या साध्या स्क्वेअर वेव्ह इन्व्हर्टरवर हे लाइट लावू नयेत. अशा गावी मी बॅटरीवरचा एक फ्लॅश सोबत नेतोच.

पिन तीनच हव्यात, आणि अर्थिंग टेस्टरने तपासलेलं हवं. मंडपात कूलरचं पाणी सांडलेलं असतं आणि लाइटची बॉडी धातूची असते. तिसरी पिन मोडून लाइट लावणारे मी पाहिलेत, आणि मला त्यांची खरोखर भीती वाटते.

ऊन आणि कापूस

मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर गेला की लाइट स्वतःच थांबतो. आतला तापमानाचा कट-आउट त्याला बंद करतो, आणि गार झाला की तो चालू होतो. लागोपाठ चाळीस-पन्नास फ्रेमनंतर चुकायला लागला आणि दहा मिनिटांनी सुधारला तर हे कारण समजा. लाइट कूलरच्या थेट झोतातही ठेवू नका, वाऱ्यासोबत पाण्याचे तुषार आत जातात.

आपल्याकडे आणखी एक गोष्ट होते. दिवाळीनंतर घरोघरी कापूस भरलेला असतो, जिनिंगजवळच्या गावात तर हवेतच रुई उडते. ती पंख्याच्या जाळीवर नमद्यासारखी बसते आणि लाइट हिवाळ्यातही तापतो. महिन्यातून एकदा जाळी कोरड्या ब्रशने आणि फुंकणीने साफ करा. पंखा फिरतोय का, हे कानाने ऐका.

चातुर्मासात

आषाढीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत लाइट पेटीत पडून राहतात आणि पहिल्याच लग्नात दगा देतात. महिनोनमहिने न वापरलेल्या कपॅसिटरवर एकदम पूर्ण दाब टाकणं बरं नाही. महिन्यातून एकदा लाइट लावून सगळ्यात कमी पॉवरवर अर्धा तास तसाच ठेवा, मधूनमधून टेस्ट दाबा, मग हळूहळू पॉवर वाढवत फुलवर दहा-बारा वेळा मारा. ट्रिगर आणि रिसीव्हरमधले सेल काढून ठेवा. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या टाका.

टेस्ट बटणावरच लाइट चुकत असेल, चार्ज होताना तडतड आवाज येत असेल, फ्लॅशची ट्यूब काळवंडली असेल किंवा जळका वास येत असेल तर तो घरी उघडू नका. प्लग काढल्यावरही कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट शिल्लक असू शकतात आणि त्याने जीव जातो. मेकॅनिककडे देताना वहीतलं पानही सोबत द्या: तीसपैकी कितव्या फ्रेम काळ्या, टेस्ट बटणावर काय झालं, रेडी व्हायला किती सेकंद लागले, त्या वेळी लाइन किती होती. माझा मेकॅनिक आता ते पान आधी मागतो आणि लाइट नंतर हातात घेतो.